लाईन न तोडता

पेडणे तालुक्यात, धारगळ मागे टाकून आत वळलं की लागणाऱ्या एका गावात एक दवाखाना होता. डिचोलीतल्या एका धर्मादाय हॉस्पिटलने तो चालवायला घेतला होता. मी हॉस्पिटलची नोकर नव्हते. डिचोलीच्या बाजारात, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर तीन माणसांची कॉम्प्युटर कंपनी होती, तिथे होते. हॉस्पिटल हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी.

दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र होतं, पण एक्स-रे वाचणारा डॉक्टर नव्हता. डॉक्टर डिचोलीत. पेशंटने फिल्मचं पाकीट काखेत मारून म्हापशाला यायचं, तिथून बस बदलून डिचोलीला, आणि डॉक्टर ऑपरेशनमध्ये असले तर बाकड्यावर बसून राहायचं. म्हणून कोणीतरी सभेत ठरवलं की एक्स-रे टेलिफोनवरून पाठवायचा. गोवा राज्य होऊन दहाबारा वर्षं झाली होती, कॉम्प्युटर हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता आणि त्याला काहीही जमतं अशी सगळ्यांची समजूत होती. फोंड्याला इंजिनियरिंग करून मी नुकतीच परतले होते. चित्र पाठवणारा प्रोग्रॅम लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

काम सांगायला सोपं होतं. दवाखान्यातली सिस्टर ओली फिल्म वाळवणार, स्कॅनरवर ठेवणार, चित्र कॉम्प्युटरमध्ये येणार. मग मोडेम डिचोलीचा नंबर लावणार, शिट्टी वाजणार आणि चित्र तारेवरून निघणार. एवढं मोठं चित्र एकदम जात नाही. त्याचे गठ्ठे करायचे. समोरच्या कॉम्प्युटरने प्रत्येक गठ्ठा तपासून ‘पोचला’ असं कळवायचं. ठराविक वेळात ‘पोचला’ आलं नाही, तर तो हरवला असं धरून पुन्हा पाठवायचा. सगळा खेळ तीन आकड्यांचा. गठ्ठा केवढा करायचा, उत्तराची वाट किती सेकंद बघायची, आणि उत्तर यायच्या आधी लागोपाठ किती गठ्ठे सोडायचे. लाईन साफ असली तर गठ्ठे मोठे ठेवायचे, काम झटपट होतं. लाईनवर खरखर असली तर मोठा गठ्ठा कुठेतरी डागाळतोच आणि अख्खा परत पाठवावा लागतो, म्हणून तेव्हा गठ्ठे लहान हवेत आणि वाट जास्त वेळ बघायला हवी.

आणि पेडण्याची ती लाईन! सकाळी नऊला एक असायची आणि दहाला वेगळीच. वारा सुटला की झावळ्या तारेला घासायच्या. दव पडलं की कुठल्यातरी जोडात पाणी जायचं. मी सकाळी बसवलेले आकडे चित्र अर्ध्यावर यायच्या आत निकामी व्हायचे.

मग ते बदलायचे कसे? इथे माझ्या रक्तदाबाची सुरुवात झाली, असं मला अजून वाटतं. आकडे फक्त जोडणीच्या सुरुवातीला ठरत. एकदा दोन्ही कॉम्प्युटर बोलायला लागले की शेवटपर्यंत तेच. बदलायचे तर फोन तोडायचा, दोन्ही टोकांना नवे आकडे घालायचे आणि नंबर परत लावायचा. दवाखान्यात फोन एकच. मोडेम बोलत असताना माणसांना बोलता येत नाही. म्हणजे काही बिनसलं की सिस्टर दवाखान्यातून निघून, रस्ता ओलांडून समोरच्या पोसऱ्यावर यायची. त्या किराणा दुकानात पैसे टाकून बोलायचा एक टेलिफोन होता. तिथून मला फोन करायची.

सिस्टर धारगळची. पन्नाशीच्या आसपास, पांढरी साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. गावातली निम्मी मुलं तिच्या हातावर जन्मली होती, त्यामुळे कोणाशीही ती त्यांना पाळण्यात बघितल्यासारखीच बोलायची. माझ्याशीसुद्धा.

“चेडवा, तुझां यंत्र परत झोपलां.”

“सिस्टर, मोडेमवरचा कुठला दिवा लागलाय? वरचा की खालचा?”

“दिवो खंय दिसता माका? यंत्र थंय, मी हंय पोसऱ्यार.”

“मग जरा जाऊन बघून या ना.”

“आणि मगे तुका सांगूक परत हंय येव? माझे पाय काय तुझ्या कंपनीन बसयलेत?”

हे संभाषण आमच्यात आठवड्यातून दोनतीनदा व्हायचं. शेवटी ती चिडून दवाखान्यात जायची, माझ्या सांगण्याप्रमाणे फोन तोडायची, मी इथून सांगितलेले आकडे तिथे घालायची. एखादा चुकायचाच. मग नंबर परत लावायचा. गावाच्या एक्स्चेंजमधून बाहेर जाणाऱ्या लाईनी मोजक्याच, त्या तोवर दुसऱ्या कोणीतरी धरलेल्या. मोडेमच्या भोंग्यातून एक बाई शुद्ध कोकणीत सांगायची, “ह्या मार्गावयल्यो सगळ्यो लायनी व्यस्त आसात. उपकार करून उपरांत यत्न करात.” कोकणी राजभाषा झाल्यापासून ही बाई आमच्या कामात आली होती. पूर्वी नुसतंच पूं पूं वाजायचं.

“उपकार करून म्हणता ती,” सिस्टर म्हणायची. “उपकार तिणां करूचे, मी कित्या करू?”

डॉक्टरांची तऱ्हा आणखी वेगळी. साठीला टेकलेले, हाडांचे डॉक्टर म्हणून तालुक्यात नाव असलेले, आणि वाट बघायची सवय नसलेले. अर्ध्यावर अडकलेल्या चित्रासमोर बसून ते मला फोन करायचे. मी पायी पाच मिनिटांत हॉस्पिटलात पोचायचे, तोवर त्यांनी तीन वेळा कुठलीतरी कळ दाबून उरलेलंही घालवलेलं असायचं.

“पोर्तुगीज गेले,” ते म्हणायचे, “केंद्रशासित होतो ते राज्य झालो, आणि पेडण्याहून एक हात डिचोलीला पोचत नाही.”

मी कंपनीच्या मालकांना म्हटलं, प्रोग्रॅम बदलायला हवा. फोन न तोडता, चित्र जाता जाताच आकडे बदलता आले पाहिजेत. ते म्हणाले, “चालतंय ना? मग हात लावू नको. गिऱ्हाइकाला सवय होते.” सवय कोणालाच झाली नाही. मला तर नाहीच. शेवटी मी त्यांना न सांगता लिहायला घेतलं.

दोन आठवडे लागले. माझी कल्पना साधी होती. चित्र येत असताना डिचोलीच्या कॉम्प्युटरवर एक कळ दाबायची आणि नवा आकडा द्यायचा. तो चालू जोडणीतूनच पेडण्याच्या कॉम्प्युटरला जाईल, तो गठ्ठे लहान करायला लागेल, माझा कॉम्प्युटर लहान गठ्ठे घ्यायला लागेल, चित्र पुढे सुरू. फोन तोडायला नको, पोसऱ्यावर पळायला नको. ऑफिसात एकाच मेजावर दोन कॉम्प्युटर ठेवून, मध्ये हातभर वायर लावून मी पन्नास वेळा करून बघितलं. पन्नास वेळा बरोबर. मालकांना दाखवलं तर तेही खुर्चीवरून उठून बघायला आले.

प्रोग्रॅम बसवायला मी फ्लॉपी घेऊन पेडण्याला गेले. तीन फ्लॉपी नेल्या होत्या, कारण एक वाटेत मरणार हे ठरलेलं. दोन मेल्या. तिसरीवरून प्रोग्रॅम चढवला. सिस्टरला समजावून सांगितलं की आता तिने काहीच करायचं नाही, सगळं मी डिचोलीहून करीन.

“म्हणजे माका काय कळूचांच नाय?” तिने विचारलं.

“तुम्हांला त्रास नको म्हणून.”

तिने किल्ल्यांचा जुडगा सारखा केला आणि कामाला लागली.

चौथ्या दिवशी चिरेखाणीवरचा एक माणूस दवाखान्यात आला. बेळगाव जिल्ह्यातला, बायकोसकट इथे कामाला आलेला. जांभ्या दगडाचा चिरा उतरवताना निसटून त्याच्या हातावर पडला होता. कोपरापासून मनगटापर्यंत हात सुजलेला. सिस्टरने एक्स-रे काढला आणि पाठवायला घेतला. नवा प्रोग्रॅम खरोखरीच्या पेशंटवर चालताना बघायचा म्हणून मी हॉस्पिटलात डॉक्टरांच्या शेजारी येऊन बसले होते.

चित्र वरून खाली हळूहळू उमटत होतं. कोपर आलं, खालची दोन हाडं सुरू झाली, आणि निम्म्यावर आल्यावर लाईनवर खरखर सुरू झाली. गठ्ठे परत परत जायला लागले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी कळ दाबली, गठ्ठा लहान केला. क्षणभर सगळं थांबलं आणि मग चित्र भराभर खाली उतरायला लागलं. मनगट आलं, पंजा आला, संपलं. ना फोन तुटला, ना कोणी पोसऱ्यावर गेलं. मला इतका आनंद झाला होता की चित्राकडे माझं लक्षच नव्हतं.

डॉक्टरांचं होतं. ते पुढे वाकले.

“दोन्ही हाडं मोडलीत,” ते म्हणाले. “आणि चांगली बोटभर सरकलीत. ह्याला प्लेट घालावी लागणार.”

त्यांनी लगेच दवाखान्याला फोन लावला. लाईन आता मोकळी होती. ते मोठ्याने बोलत, आणि फोनमधून सिस्टरचा आवाजही खोलीभर ऐकू येई.

“सिस्टर, हाताला फळी बांध आणि जीपमधून पाठवून दे. आजच ऑपरेशन करतो. पोटात काही जाता कामा नये, पाणीसुद्धा नाही.”

“डॉक्टर, माका फिल्मीर तसां कायच दिसना,” सिस्टर म्हणाली. “हाडां सरळ आसत. सूज मात्र आसा.”

“सिस्टर, फिल्म वाचायचं काम माझं आहे.”

“बरां, डॉक्टर.”

हे मी शेजारी बसून ऐकलं. तिच्या हातात खरी फिल्म होती आणि आमच्यासमोर माझ्या प्रोग्रॅममधून आलेलं चित्र. मला निदान एवढं तरी म्हणता आलं असतं, की डॉक्टर, एकदा परत मागवून बघू. माझ्या मनात ते आलंही असेल. पण पहिल्याच खऱ्या पेशंटला, पहिल्याच यशानंतर, माझ्याच कामावर शंका घ्यायला माझी जीभ रेटली नाही. मी ऑफिसात गेले आणि मालकांना सांगितलं की चाललं.

दुपारी चारच्या सुमाराला डॉक्टरांचा फोन आला. ते नेहमीसारखे ओरडले नाहीत.

“ये,” एवढंच म्हणाले.

भूल देण्याआधी त्यांनी जीपमधून आलेलं पाकीट उघडून खरी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली होती. शेजारी कॉम्प्युटरवर सकाळचं चित्र. फिल्ममध्ये दोन्ही हाडं अखंड, सरळ. कॉम्प्युटरवर दोन्ही एकाच उंचीवर तुटलेली, एकाच बाजूला सरकलेली. मी दोन सेकंद बघितलं आणि मला कळलं. तुटलेली रेघ पट्टीने मारल्यासारखी आडवी होती. हाडंच नव्हेत, त्या रेघेखालचं सगळं सरकलं होतं. हाताची कड, फिल्मच्या कोपऱ्यातलं नंबराचं अक्षर, सगळं. मी कळ दाबली होती ती जागा.

घडलं होतं ते असं. मी कळ दाबली तेव्हा माझ्या कॉम्प्युटरने लगेच ‘आता लहान गठ्ठे’ असं धरलं. पण पेडण्याहून आधी निघालेला एक मोठा गठ्ठा अजून वाटेत होता. तो आला, तपासणीत बरोबर ठरला, आणि मग माझ्या प्रोग्रॅमने तो लहान समजून त्याचा पुढचा तुकडा तेवढा ठेवला, उरलेला टाकून दिला. चित्रातला एक घास गेला आणि त्यापुढचं सगळं बाजूला सरकलं. ऑफिसातल्या हातभर वायरमध्ये वाटेत काही उरतच नाही, म्हणून पन्नास वेळा सगळं बरोबर आलं होतं.

“कातडीची कडसुद्धा तुटलीय,” डॉक्टर म्हणाले. “हे मला दिसायला हवं होतं.” ते माझ्यावर चिडले होते, पण त्याहून स्वतःवर चिडले होते. मग दिवा बंद करत म्हणाले, “बाहेर बसलाय तो. सांग त्याला, मशीन बिघडलं होतं. घरी सोडायला जीप देतो.”

तो व्हरांड्यात बाकावर बसला होता. हाताला फळी, ओठ सुकलेले. बायको शेजारी, मांडीवर कपड्यांचं गाठोडं. ऑपरेशन म्हटल्यावर चार दिवस राहायच्या तयारीने आली होती. मी जाऊन उभी राहिले. मशीन बिघडलं होतं, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. त्याने माझ्याकडे अशा भीतीने बघितलं की ते मला बोलवेना.

“तुमचं हाड मोडलेलं नाही,” मी म्हटलं. “ऑपरेशन नको. चित्र इकडे पाठवताना चुकलं.”

“म्हंजी मोडल्यालं न्हाई न्हवं?”

“नाही.”

“मग बरंच झालं की.” तो हसलासुद्धा.

“बरं कसलं?” बायको उसळली. “सकाळधरनं ह्यांस्नी पाण्याचा थेंब दिला न्हाई. हात कापत्यात का काय म्हनून आमी निस्तं रडतोय. त्या शिष्टरबाई म्हनत हुत्या, हाड चांगलं हाय म्हनून. मग कुनी सांगितलं मोडलंय?”

“चित्र पाठवायचा प्रोग्रॅम मी लिहिलाय,” मी म्हटलं. “चूक माझी आहे.”

तिने मला वरून खालपर्यंत बघितलं. “तुमी डाक्टर हाय व्हय?”

“नाही.”

“मग तुमी कशाला मधी पडला?”

मी समोरच्या हॉटेलातून पातळ भाजी, गोल उंडे पाव आणि चहा आणून दिला. तो खाली मान घालून भुकेने जेवला. तिने बशीला हात लावला नाही. जीप येईपर्यंत मी तिथेच उभी राहिले. तसंच निघून जाणं मला जमेना.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने पेडण्याला गेले. प्रोग्रॅम काढून जुना घालायचा आणि ह्या भानगडीतून बाहेर पडायचं, असं ठरवूनच. सिस्टर इंजेक्शनच्या सुया उकळत होती. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “फोनार मी डॉक्टरांक सांगतंय तेव्हा तू थंय होतंस?”

“होते.”

“आयकलंस?”

“ऐकलं.”

“आणि?”

तिने चिमट्याने एकेक सुई काढून ट्रेमध्ये ठेवली. मग स्टूल माझ्याकडे ढकललं. मी बसले आणि काय बिघडलं ते सगळं तिला सांगितलं. मोठा गठ्ठा, लहान गठ्ठा, वाटेत राहिलेला गठ्ठा. बोलता बोलता माझाच त्रागा वाढत गेला. म्हटलं, दोन टोकांना, दोन गावांत, एकाच क्षणी आकडा बदलायचा कसा? मध्ये वेळ जाणारच, वाटेत काहीतरी राहणारच. जमणारं कामच नव्हे हे.

“एकाच क्षणाक कित्या व्हया?” सिस्टर म्हणाली. “डॉक्टर माका फोनार सांगतत, अमक्याची सलाईन हळू कर, मिनटाक इतके थेंब. मी लगेच चावी फिरयतंय? नाय. मी म्हणतंय, ‘डॉक्टर, मिनटाक इतके?’ ते म्हणतत, ‘होय, इतके.’ मगेच मी हात लायतंय. तोपर्यंत आदी जशी चालू आसा तशीच चालू. बंद करूची नाय आणि बदलूचीव नाय.”

“आणि त्यांनी होय म्हटलं नाही तर? फोन कट झाला तर?”

“तर जुन्याच थेंबांनी चालू. मी परत विचारतलंय.”

ती हे मला शिकवायला म्हणून सांगत नव्हती. मी किती बेजबाबदार आहे हे दाखवायला सांगत होती. तीस वर्षं ती रोज करत आलेली गोष्ट मला सुचली नाही, ह्याचं तिला खरोखर आश्चर्य वाटत होतं. मला मात्र तिथल्या तिथे कागद हवा होता. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मी त्यावर लिहायला लागले.

डिचोलीने नवा आकडा सुचवायचा, पण स्वतः जुन्यावरच चालत राहायचं. पेडण्याने तो आकडा परत म्हणून दाखवायचा आणि सोबत सांगायचं की अमुक नंबरच्या गठ्ठ्यापासून तो लागू. डिचोलीने त्याला होय म्हटलं की मगच पेडण्याने त्या नंबरापासून गठ्ठे बदलायचे. त्या नंबराआधीचा कुठलाही गठ्ठा केव्हाही आला तरी जुन्या मापाचाच धरायचा. होकार पोचला नाही तर काहीच बदलायचं नाही, परत विचारायचं. शिवाय अख्खं चित्र पोचल्यावर दोन्ही टोकांनी चित्रातल्या सगळ्या ठिपक्यांच्या आकड्यांची बेरीज जुळवायची. नाही जुळली तर चित्र डॉक्टरांना दाखवायचंच नाही.

“आणि माझां काय?” सिस्टरने विचारलं. “मी परत मुकीच?”

हे मला टोचलं, कारण खरं होतं. मी प्रोग्रॅमच्या तळाला एक ओळ मोकळी सोडली. तिथे तिने टाईप करायचं. चित्राच्या मधूनच ते डिचोलीच्या पडद्यावर उमटेल. त्या कॉम्प्युटरवर देवनागरी नव्हती, त्यामुळे तिला रोमन अक्षरांत लिहावं लागणार होतं. कोकणी कुठल्या लिपीत लिहायची ह्यावरून बाहेर सभा आणि पत्रकं चालू होती. सिस्टरने एका बोटाने, मधली अक्षरं गाळत, आपल्या पेडण्याच्या बोलीत लिहायला सुरुवात केली आणि ते कोकणी की मराठी, हे कोणी विचारलं नाही.

मालकांनी ह्या वेळी मला सरळ सांगितलं की आणखी एक पेशंट असा आला तर हॉस्पिटल आपल्याला हाकलेल. बरोबरच होतं. ह्या वेळी मी मेजावरच्या वायरवर भरवसा ठेवला नाही. आठवडाभर रोज सकाळी जुन्या, बऱ्या झालेल्या पेशंटांच्या फिल्म सिस्टर त्या खऱ्या लाईनीवरून पाठवायची, मी मुद्दाम चित्राच्या मध्येच आकडे बदलायचे, दोनदा, तीनदा, पाचदा. एकदा होकार वाटेत हरवला. दोन्ही कॉम्प्युटर जुन्या आकड्यांवर रडतखडत चालत राहिले, परत विचारलं गेलं, होकार आला आणि गाडी पुढे सरकली. सगळ्या फिल्म मी नंतर स्वतः डिचोलीला आणून पेटीवर लावल्या आणि चित्राशी ताडून बघितल्या. एकही रेघ हलली नव्हती.

ज्या दिवशी खऱ्या पेशंटवर तो प्रोग्रॅम परत सुरू झाला, त्या दिवशी लाईन इतकी वाईट होती की एका पावलाच्या चित्रात मला चार वेळा आकडे बदलावे लागले. फोन एकदाही तुटला नाही. चित्र पूर्ण आलं, बेरीज जुळली. मी घामेजून डॉक्टरांकडे बघितलं. ते घड्याळाकडे बघत होते.

“एवढा वेळ?” ते म्हणाले.

मी उठून बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धुतलं.

पण एक बदल झाला, आणि तो त्यांनी कोणालाही न सांगता केला. चित्र पूर्ण आल्यावर ते आता आधी फोन उचलायचे. “सिस्टर, फिल्म समोर आहे? तुला काय दिसतं ते सांग.” पहिल्यांदा विचारलं तेव्हा सिस्टर इतकी गोंधळली की ‘डॉक्टर, तुमीच सांगा’ म्हणाली. दुसऱ्या वेळी तिने सांगितलं. तिसऱ्या वेळेपासून ती थांबेना. हाड, सूज, पेशंट कसा पडला, त्याच्या बापालाही असंच कसं झालं होतं, सगळं. आणि डॉक्टर ऐकून घ्यायचे! माझं चित्र पंधरा मिनिटांत पोचायचं आणि त्यावरची त्यांची चर्चा वीस मिनिटं चालायची. व्हरांड्यात पेशंट ताटकळलेले असायचे आणि मला ऑफिसातून तीनदा बोलावणं आलेलं असायचं.

एकदा एका म्हाताऱ्याच्या बरगडीवरून त्यांचं जुंपलं. डॉक्टर म्हणत बारीक चीर आहे. सिस्टर म्हणे ती फिल्म वाळताना पडलेली सुरकुती. शेवटी फिल्म मागवली. चीर होती. सिस्टर चुकली होती. डॉक्टर तिला काहीच बोलले नाहीत, उलट म्हणाले की सुरकुतीसारखी दिसत होती खरी.

सिस्टर मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चित्राच्या तळाला नुसता पेशंटचा नंबर टाईप करून पाठवायची, त्यापुढे एक अक्षर नाही. त्यात मी काय केलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.